सकाळी बरं, संध्याकाळी पापणी खाली : मायस्थेनिया ग्रॅव्हिस वेळेत ओळखण्यासाठी

मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार दवाखान्यात लपतो. सकाळी दहाच्या ओपीडीत माणूस रात्रभर झोपून आलेला असतो. पापणी वर, बोलणं स्पष्ट, हातात जोर. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात. संध्याकाळी सात वाजता त्याच माणसाचा एक डोळा अर्धा मिटलेला असतो आणि टीव्हीवर बातम्या देणारी बाई दोन दिसत असतात. निदान लांबतं त्याचं मोठं कारण हे आहे. पेशंट बहाणे करत नसतो, डॉक्टर दर वेळी निष्काळजी असतात असंही नाही. दोघांच्या भेटीची वेळच चुकीची असते.

ज्यांना स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल अशी शंका आहे, किंवा ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो वाचून निदान होणार नाही. योग्य डॉक्टरांपर्यंत योग्य माहिती घेऊन लवकर पोचता येईल, एवढाच हेतू.

आधी थोडं आजाराबद्दल

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. तंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात एक अतिसूक्ष्म फट असते. तंतू त्या फटीत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतो, स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात आणि स्नायू आखडतो. मायस्थेनियात बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती या रिसेप्टरच्याच विरोधात अँटिबॉडी तयार करते. काही रिसेप्टर अडवले जातात, काही नष्ट होतात.

एकच स्नायू सलग वापरला की दर खेपेला सुटणारं रसायन थोडं थोडं कमी होत जातं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, पण निरोगी माणसाकडे रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही. मायस्थेनियाच्या पेशंटकडे ही शिल्लक उरलेली नसते. म्हणून पहिला जिना चढता येतो, तिसरा येत नाही. आणि अर्धा तास पडून राहिलं की पुन्हा जमतं. हा चढउतारच या आजाराची ओळख. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये अशा एका बाईचं वर्णन केलं होतं, जी बोलत राहिली की थोड्या वेळाने तिची वाचाच बंद होई.

आजार दुर्मिळ आहे. दर दहा लाख लोकांमागे साधारण १५० ते २५० पेशंट. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी असे पेशंट मोजकेच पाहिलेले असणार, हे गृहीत धरूनच त्यांच्याशी बोलायला जावं. विशी-तिशीतल्या स्त्रिया आणि साठी ओलांडलेले पुरुष यांच्यात तो जास्त दिसतो, पण कुठलंच वय सुटलेलं नाही. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हाच आजार झाला होता, आणि त्यानंतर त्यांनी किती वर्षं काम केलं ते आपण पाहतोच आहोत. रिपोर्ट हातात आल्यावर घाबरलेल्या माणसाला मी हे उदाहरण सगळ्यात आधी सांगतो.

उशीर झाला तर काय बिघडतं

निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये सुरुवात डोळ्यांपासून होते. त्यातल्या काहींचा आजार डोळ्यांपुरताच राहतो. ज्यांचा पसरतो, त्यांचा बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत पसरतो. श्वासाच्या स्नायूंवर हल्ला होऊन व्हेंटिलेटर लागण्याचे प्रसंगही बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतात. म्हणजे ज्या काळात आपण चष्म्याचा नंबर बदलत, नजर काढत आणि ‘ताण घेऊ नकोस’ असं ऐकत फिरत असतो, नेमका तोच काळ सगळ्यात जोखमीचा.

दुसरी गोष्ट छातीतली. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. दर शंभर पेशंटपैकी दहा ते पंधरा जणांना तिची गाठ असते, तिला थायमोमा म्हणतात. ती लहान असताना सापडली तर ऑपरेशनने पूर्ण काढता येते. मायस्थेनियाचं निदान झालं नाही तर ती गाठ शोधायला कुणी जातच नाही.

आणि तिसरी, मला सगळ्यात चिंतेची वाटणारी गोष्ट : आजाराचं नाव माहीत नसेल तर नेहमीच्या वापरातली काही औषधं बेधडक दिली जातात, आणि त्यांनीच माणूस गंभीर होऊ शकतो. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिली पायरी : नुसता थकवा आहे की ठराविक स्नायूंची ताकद जाते, ते पाहा

‘सारखं गळून गेल्यासारखं वाटतं’ एवढीच तक्रार असेल तर ते बहुतेक वेळा रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप किंवा नैराश्य यांपैकी काहीतरी निघतं. मायस्थेनियात एखादं विशिष्ट काम सुरुवातीला जमतं आणि करता करता जमेनासं होतं. कुठली कामं, ते घरातल्या रोजच्या जगण्यातच शोधायचं.

डोळ्यांत : एक किंवा दोन्ही पापण्या दिवस कलताना खाली येतात, आणि सहसा एक बाजू जास्त. आज डावी, महिन्याभराने उजवी, असंही होतं. एकाच्या दोन वस्तू दिसतात, पण एक डोळा झाकला की एकच दिसते. वाचताना किंवा गाडी चालवताना हे वाढतं. बाहुली मात्र नेहमीसारखीच राहते.

चेहरा आणि घसा : हसायला गेलं की चेहरा हसल्यासारखा दिसतच नाही. चूळ भरताना ओठांतून पाणी ओघळतं. भाकरीचे पहिले घास नीट चावले जातात, शेवटी शेवटी जबडा इतका थकतो की हनुवटीला हाताने आधार द्यावा लागतो. पाणी पिताना ठसका लागतो, कधी पाणी नाकातून येतं. फोनवर पाच मिनिटं बोललं की आवाज गेंगाणा होतो. शिक्षक, कीर्तनकार, कॉल सेंटरमध्ये काम करणारे यांच्या हे सगळ्यात आधी लक्षात येतं.

मान आणि हातपाय : मान पुढे झुकते. वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात मध्येच खाली येतात. लोकलच्या दारात चढताना किंवा भारतीय बैठकीतून उठताना मांड्या साथ देत नाहीत.

नसणाऱ्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. बधिरपणा नसतो, मुंग्या येत नाहीत, दुखणं ही मुख्य तक्रार नसते. हातापायांना मुंग्या येऊन अशक्तपणा पायांकडून वर चढत असेल तर ते वेगळं दुखणं असतं, आणि त्यासाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला हवं.

आधी वगळायच्या तातडीच्या गोष्टी

पापणी पडली की मायस्थेनिया, असं मनात पक्कं करून घरी व्हिडिओ काढत बसू नका. तीन प्रसंगी लगेच निघायचं.

चेहरा एका बाजूला अचानक वाकडा झाला, त्याबरोबर हात लुळा पडला किंवा बोलणं गेलं, तर तो पक्षाघात समजा. एक पापणी पडली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि डोकं भयंकर दुखतंय, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तंतूवर दाब आलेला असू शकतो. इथे एकेक तास मोलाचा आहे.

तिसरा प्रसंग आपल्या गावाकडचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, दोन्ही पापण्या उघडत नाहीत, घसा घोगरा. हा मण्यारदंश असू शकतो. मण्यार चावल्याचं दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत, त्यामुळे ‘साप चावलेला नाही’ या घरच्यांच्या बोलण्यावर विसंबून चालत नाही. प्रतिसर्पविष उपलब्ध असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं.

मण्यार आणि मायस्थेनिया यांचं नातं निव्वळ वरवरचं नाही. मण्यारीच्या जातकुळीतल्या तैवानकडच्या एका सापाच्या विषात एक घटक असतो, तो ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरला घट्ट चिकटतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोच घटक वापरून मायस्थेनियाच्या पेशंटच्या स्नायूंत रिसेप्टर कमी असतात हे दाखवून दिलं. रक्तातली अँटिबॉडी मोजायच्या एका मान्यताप्राप्त पद्धतीत आजही तो वापरतात. आणि नागदंशावर आपल्या ग्रामीण दवाखान्यांत दिलं जाणारं निओस्टिग्मिन मायस्थेनिया तपासायलाही वापरतात. त्यामुळे आडगावातला, सापाचे पेशंट हाताळलेला डॉक्टर ही पापणी शहरातल्या डॉक्टरपेक्षा लवकर ओळखतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरी पायरी : संध्याकाळ मोबाइलमध्ये घेऊन जा

माझ्या मते निदानाचे महिने कुठे वाचत असतील तर या पायरीवर, आणि तिला खर्च शून्य.

चार-पाच दिवस, दिवसातून दोनदा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, एकाच जागी एकाच उजेडात व्हिडिओ घ्या. चेहरा सरळ, डोकं न हलवता नजर छताकडे एक मिनिट रोखून धरा. पापण्या हळूहळू खाली येतात का ते त्यात दिसेल. मग मोठ्याने एक ते पन्नास आकडे म्हणा. आवाज बदलतो का ते ऐकू येईल. मग दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीवर धरा आणि किती वेळाने खाली येतात ते नोंदवा. व्हिडिओच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ तोंडाने सांगितली तर पुढे घोळ होत नाही.

पापणी पडलेली असताना आणखी एक गोष्ट करून पाहता येते. स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून तो मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरा, आणि आधीचा-नंतरचा व्हिडिओ घ्या. मायस्थेनियात गारव्याने पापणी थोडा वेळ वर येते. दोन मिलिमीटर किंवा जास्त उचलली गेली तर डॉक्टर ती खूण गंभीरपणे घेतात. फरक पडला नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नका. उन्हाळ्यात आणि तापात लक्षणं वाढतात तेही याच कारणाने, म्हणून मे महिन्यात त्रास वाढला होता का, ते आठवून ठेवा.

जुने फोटो चाळा. लग्नातले, सहलीचे, आधार कार्डावरचा सुद्धा. पापणी कधीपासून खाली आहे याचं उत्तर त्यांत सापडतं, आणि ती जन्मापासूनच तशी असेल तर तेही कळतं.

शेवटी एका पानावर लिहा : पहिलं लक्षण कधी दिसलं, कशाने वाढतं, किती विश्रांतीने कमी होतं, कोणती औषधं चालू आहेत, आजवर कोणत्या तपासण्या झाल्या. ओपीडीत बोलायला फार वेळ मिळत नाही. पहिलंच वाक्य असं असू द्या : “डॉक्टर, सकाळी मी ठीक असते. दुपारनंतर पापणी पडते, चावताना जबडा थकतो, थोडं पडलं की पुन्हा बरं होतं. हा कालचा संध्याकाळचा व्हिडिओ.” एवढं ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर खुर्चीत पुढे सरकतात. ‘खूप अशक्तपणा आहे हो’ म्हणालात तर पुन्हा बी-कॉम्प्लेक्स. जमलं तर अपॉइंटमेंटच संध्याकाळची घ्या.

तिसरी पायरी : कुणाकडे जायचं

बहुतेक जण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात. ते बरोबरच आहे. पण चष्म्याचा नंबर दोनदा बदलूनही दोन-दोन दिसणं थांबत नसेल तर पुढे सरका. हवा असतो तो न्यूरोफिजिशियन, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेवर औषधोपचार करणारा डॉक्टर. न्यूरोसर्जन वेगळा. जिल्ह्याच्या ठिकाणी या दोन पाट्यांत गल्लत होऊन आठवडे वाया गेलेले पाहिले आहेत.

खासगीत जाणं परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचा विभाग आहे. गोव्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे. जाण्याआधी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीचे वार विचारून घ्या. फॅमिली डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेतलीत तर उत्तम. त्यात ‘मायस्थेनियाची शंका’ असे शब्द असू द्यायची विनंती करायला संकोच वाटू देऊ नका.

चौथी पायरी : तपासण्या, आणि निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ

रक्ताची तपासणी मुख्य. ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि लक्षणं जुळत असली तर निदान जवळपास पक्कं. आजार अंगभर पसरलेला असेल तर साधारण ८५ टक्के पेशंटमध्ये ती सापडते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्या पेशंटमध्येच. म्हणजे नुसती पापणी पडणाऱ्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विषय मिटत नाही, आणि ‘काही नाही, घरी जा’ हे उत्तर अपुरं ठरतं. पहिली अँटिबॉडी निगेटिव्ह आली तर मस्क नावाची दुसरी अँटिबॉडी तपासतात. तिच्यामुळे होणाऱ्या मायस्थेनियात गिळणं, बोलणं आणि श्वास यांना जास्त त्रास होतो आणि औषधांची निवडही थोडी वेगळी असते. हे रक्त स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या, शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) सुरू होण्याआधी दिलेलं बरं. आकडा किती मोठा आला यावरून आजार किती तीव्र ते ठरत नाही. शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी तुलना करून झोप उडवून घेऊ नका.

दुसरी तपासणी विजेची, आरएनएस. एका मज्जातंतूला सेकंदाला दोन-तीन झटके देतात आणि स्नायूचा प्रतिसाद मोजतात. तो १० टक्क्यांहून जास्त घसरत गेला तर मायस्थेनियाकडे बोट जातं. झटके टोचल्यासारखे लागतात, पण सोसवतात. नेहमी थकणारे स्नायू, म्हणजे चेहरा आणि खांदा, तपासले जात आहेत ना, हे विचारून घ्या. नुसता हाताचा पंजा तपासला तर आजार निसटू शकतो. गोळ्या आधीच सुरू असतील तर त्या किती तास आधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा. हीही तपासणी नॉर्मल आली आणि शंका कायम असेल तर सिंगल फायबर ईएमजी नावाची जास्त बारकाईची तपासणी असते. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या केंद्रात पाठवतात.

निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन पापणी उचलते का तेही पाहतात. हृदयाचे ठोके मंदावू शकतात म्हणून सोबत ॲट्रोपिन देतात, आणि हे रुग्णालयातच करायचं काम आहे.

निदान पक्कं झालं की छातीचा सीटी स्कॅन, थायमससाठी. साधा एक्स-रे पुरत नाही, लहान गाठ त्यात दिसतेच असं नाही. थायरॉइडही तपासून घेतात, कारण हे दोन्ही आजार एकाच माणसात असण्याचं प्रमाण बऱ्यापैकी आहे.

पाचवी पायरी : औषधं सुरू झाल्यावर

१९३४ साली ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मायस्थेनियाचा पेशंट क्युरारे या विषाची बाधा झालेल्या माणसासारखा दिसतो. मग त्या विषाचा उताराच देऊन पाहिला तर? त्यांनी दिला, आणि पापणी उचलली गेली. आज देतात ती पायरिडोस्टिग्मिन त्याच कुळातली. गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि तीन-चार तास टिकते. म्हणून चावायला, गिळायला त्रास असेल तर जेवणाआधी अर्धा तास घेतात. पोटात कळ, जुलाब, लाळ सुटणं हे तिचे त्रास. तिने लक्षणं कमी होतात, आजाराचं मूळ हलत नाही. जोर कमी पडतोय म्हणून आपल्या मनाने गोळ्या वाढवत नेऊ नका. अति झाली की तिच्यामुळेही अशक्तपणा येतो.

मूळ आवरायला स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिनसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. नवख्यांनी इथे दोन गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहींचा त्रास उलट वाढतो. हे अपेक्षित असतं, म्हणूनच डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात किंवा दाखल करून घेतात. ‘औषध मानवलं नाही’ असं ठरवून ते स्वतःच एकदम बंद करणं घातक आहे. दुसरं, ॲझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्षभरही लागतं, आणि ते चालू असेपर्यंत रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या वेळापत्रकाप्रमाणे कराव्या लागतात. स्टेरॉइडआधी साखर, रक्तदाब, हाडं आणि क्षयरोग यांची चौकशी होते. घरात कुणाला टीबी झालेला असेल तर न लपवता सांगा.

थायमस काढायचं ऑपरेशन गाठ असणाऱ्यांसाठी आवश्यकच. गाठ नसली तरीही काहींना त्याचा फायदा होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या, आजार सुरू होऊन पाच वर्षं न झालेल्या पेशंटना ऑपरेशननंतर तीन वर्षांत कमी स्टेरॉइड लागलं आणि ताकदही जास्त राहिली. लवकर निदानाचा हा आणखी एक फायदा. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये काय बसतं ते दाखल होण्याआधीच विचारा. नंतर कागद जुळवणं कठीण जातं.

श्वासाची खूण, आणि बोटावरचं ऑक्सिमीटर

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. मायस्थेनियात त्याच्यावर विसंबू नका. इथे फुप्फुसं चांगली असतात, ती फुगवणारे स्नायू थकत असतात. त्यामुळे आकडा ९७-९८ दिसत राहतो आणि घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्याऐवजी हे पाहा. उताणं झोपलं की दम लागतो, उशा लावून बसावं लागतं. खोकला जोराने काढता येत नाही. स्वतःचीच लाळ गिळता येत नाही. मान धरता येत नाही. वाक्य पूर्ण व्हायच्या आत श्वास संपतो. एक खोल श्वास घेऊन, सेकंदाला दोन या गतीने मोठ्याने आकडे मोजा. निरोगी माणूस एका दमात पन्नासच्या आसपास जातो. तुम्ही बरे असताना तुमचा आकडा किती, तो लिहून ठेवा. तो झपाट्याने घसरू लागला किंवा विसाच्या खाली आला तर १०८ ला फोन, आणि आयसीयू असलेलं रुग्णालय. तिथे सांगायचं वाक्य : “यांना मायस्थेनिया आहे, ऑक्सिजन नॉर्मल दिसला तरी श्वासाची ताकद मोजा.” अशा वेळी आयव्हीआयजी देतात किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलतात. गरज पडली तर काही दिवस व्हेंटिलेटर. वेळेत पोचलेली बहुतेक माणसं यातून बाहेर येतात. संसर्ग, ऑपरेशन आणि चुकीचं औषध ही या संकटाची नेहमीची निमित्तं.

औषधांच्या दुकानात

आता ती औषधं. पायरिडोस्टिग्मिनने जुलाब झाले, माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला, काउंटरवरून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मिळालं. यातलं ऑफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे, त्या गटाने (सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनही त्यातच) मायस्थेनिया बळावू शकतो. खोकल्यासाठी सर्रास मिळणारं अझिथ्रोमायसिनही त्याच यादीत. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं. मलेरियासाठी क्लोरोक्वीन आणि क्विनीन, संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. रक्तदाब किंवा धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. थेंब म्हणजे औषध नव्हे असं समजून लोक ते सांगतच नाहीत. शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम विशेष धोक्याचं, आणि ‘स्नायूंसाठी चांगलं’ म्हणून आपण होऊन घेतलेल्या मॅग्नेशियमच्या गोळ्याही नकोत. सौंदर्यासाठीचं बोटॉक्स नको.

यातलं काहीच कधीच घ्यायचं नाही, असा याचा अर्थ नाही. जीवघेण्या संसर्गात दुसरा पर्याय नसेल तर डॉक्टर लक्ष ठेवून देतातही. प्रश्न नकळत दिल्या जाण्याचा आहे. एखादं चालू औषध या यादीत दिसलं तर तेही स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करून विचारा.

मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण येऊ घातलं असेल तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आजाराचं नाव पहिल्याच भेटीत सांगा. रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून प्रसूतिगृहात मॅग्नेशियम सल्फेट नेहमी देतात. मायस्थेनियाच्या आईला ते धोक्याचं ठरतं, त्यामुळे पर्याय आधी ठरलेला हवा. प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्झेट चालू असेल तर दिवस राहण्याच्या कितीतरी आधी ते बदलावं लागतं. काही बाळं जन्मतः मलूल असतात, दूध ओढत नाहीत. आईच्या अँटिबॉडी त्यांच्या रक्तात उतरलेल्या असतात आणि काही आठवड्यांत तो त्रास जातो. जन्मानंतर पहिले काही दिवस बाळावर नजर ठेवायची सोय असलेलं रुग्णालय निवडा.

दात काढणं असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून सांगा, कारण स्नायू शिथिल करणारी औषधं या पेशंटना वेगळ्या मात्रेत लागतात. पाकिटात एक जाड कागद ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत : आजाराचं नाव, कोणती अँटिबॉडी पॉझिटिव्ह, चालू औषधं डोससकट, टाळायच्या औषधांची यादी, न्यूरोफिजिशियनचा नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर. त्याचाच फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. गावी, यात्रेला, मुलाकडे परदेशी जाताना गोळ्या दोन बॅगांत विभागून न्या, आणि डोस बदलला की कागदही त्याच दिवशी बदला.